आधी कीर्द, मग खतावणी : संगणकीय साठवणीच्या क्रॅश-सुरक्षेचा इतिहास

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील टकरींचा डेटा जगभरातील संगणक-केंद्रांत विभागून साठवला जातो. भारतातही त्याची दोन केंद्रे आहेत : सीएमएस प्रयोगासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ॲलिस प्रयोगासाठी कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर. एवढ्या मोठ्या साठवणीत एखादी डिस्क बिघडणे ही बातमी नसते. त्याची तरतूद आधीच केलेली असते. मात्र कोणती फाईल कोणत्या डिस्कवरील कोणत्या तुकड्यांची मिळून बनली आहे, हे सांगणारी नोंदच नष्ट झाली, तर प्रत्येक बाइट जागच्या जागी असूनही सारा डेटा हरवल्यासारखाच होतो. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. मूळ डेटाच्या तुलनेत तिचा आकार नगण्य असतो, पण तिच्यावाचून उरलेल्या पसाऱ्याला अर्थ नसतो.

मग ही नोंद बदलली जात असतानाच वीज गेली तर? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाची अनेक उत्तरे दिली गेली, आणि प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न उभा राहिला.

अडचण समजून घेण्यासाठी फाईलच्या शेवटी नवा मजकूर जोडण्याचे साधे उदाहरण पुरे. त्यासाठी डिस्कवर तीन ठिकाणी लिहावे लागते : प्रत्यक्ष मजकूर, हा तुकडा या फाईलचा आहे ही नोंद, आणि हा तुकडा आता रिकामा नाही ही नोंद. डिस्क ही तिन्ही कामे एका क्षणात करू शकत नाही. दुसरी नोंद झाली आणि तिसरी राहिली, तर तोच तुकडा उद्या दुसऱ्या फाईललाही दिला जाईल. दुसरी झाली आणि मजकूर पोहोचलाच नाही, तर फाईलमध्ये भलत्याच कुणाचा जुना मजकूर दिसेल. युनिक्सच्या आरंभीच्या काळात यावर उपाय होता तो एफएससीके या तपासनीस प्रोग्रामचा. यंत्र पुन्हा सुरू झाले की तो सगळ्या डिस्कवरील नोंदी वाचून विसंगती दुरुस्त करी. डिस्क वाढत गेल्या तसा हा तपास तासन्‌तास चालू लागला. शिवाय त्याची मर्यादा मूलभूत होती : नोंदी परस्परांशी जुळवता येत, पण बंद पडण्यापूर्वी यंत्राला नेमके काय करायचे होते, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग डेटाबेसच्या क्षेत्रातून आला. व्यापारी पेढीवर प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत क्रमाने लिहिला जाई आणि मग सवडीने खतावणीत खातेवार चढवला जाई. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द शाबूत असल्यास ती पुन्हा मांडता येते. १९७०च्या दशकात आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम-आर हा डेटाबेस घडवताना जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नियम संगणकासाठी पक्का केला. मूळ नोंद बदलण्याआधी तो बदल लॉगमध्ये लिहिला गेला पाहिजे, आणि तो लॉग डिस्कवर पोहोचला पाहिजे. सिस्टिम-आरमध्ये याच्या जोडीला दुसरी एक युक्तीही होती : जुन्या पानाला हात न लावता नवे पान वेगळ्या जागी लिहायचे आणि शेवटी फक्त निर्देश नव्या पानाकडे वळवायचा. कीर्द आणि छायापान या दोन कल्पना पुढच्या साऱ्या इतिहासात पुन:पुन्हा भेटतात.

कीर्दीच्या कल्पनेला पूर्ण शास्त्रीय रूप देण्यात भारताचा एक धागा आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन १९८१मध्ये आयबीएममध्ये रुजू झाले. त्यांनी चार सहकाऱ्यांसह १९९२मध्ये एरीज या नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे सूत्र होते इतिहासाची पुनरावृत्ती. यंत्र पुन्हा सुरू झाले की आधी लॉगचे विश्लेषण करायचे. मग लॉगमधील सारे बदल, अगदी अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांचेसुद्धा, पुन्हा घडवायचे. आणि शेवटी अपुरे व्यवहार मागे घ्यायचे. हे मागे घेणेही लॉगमध्ये नोंदवले जाते. त्यामुळे दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली, तरी केलेले काम दोनदा उलटवले जात नाही. दुरुस्तीच्या वेळीही क्रॅश होऊ शकतो, हे गृहीत धरल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही, हा एरीजचा धडा आजही टिकून आहे.

डेटाबेसची ही शहाणीव फाईल सिस्टिमपर्यंत हळूहळू झिरपली. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील रॉबर्ट हॅगमन यांनी १९८७मध्ये सीडर फाईल सिस्टिमच्या मेटाडेटासाठी लॉग वापरल्याचे मांडले. लिनक्समध्ये स्टीफन ट्वीडी यांच्या कामातून घडलेली ईएक्सटी-३ ही जर्नल असलेली फाईल सिस्टिम २००१मध्ये मुख्य कर्नलमध्ये आली. तासांचा तपास काही सेकंदांवर आला.

यानंतर साठवण एका यंत्रात मावेनाशी झाली. २००३मध्ये गूगलच्या संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-ताक लाँग यांनी गूगल फाईल सिस्टिमचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात फाईलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे असंख्य साध्या यंत्रांवर विखुरलेले असत आणि सारा मेटाडेटा एका मुख्य यंत्राच्या स्मृतीत राही. प्रत्येक तुकड्यामागे तो ६४ बाइटहूनही कमी होता. त्यातील महत्त्वाचा बदल आधी लॉगमध्ये लिहिला जाई, आणि तो लॉग स्थानिक डिस्कवर व दूरच्या यंत्रांवर पोहोचल्यावरच मागणी करणाऱ्याला होकार मिळे. याहून मार्मिक निर्णय काय लिहायचे नाही, याचा होता. कोणता तुकडा कोणत्या यंत्रावर आहे, ही माहिती मुख्य यंत्र कायमस्वरूपी जपतच नसे. सुरू होताना ते प्रत्येक यंत्रालाच विचारी. डिस्कवर खरोखर काय आहे हे ती डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रालाच ठाऊक असते. त्याची दुसरी नोंद ठेवली की दोन्ही नोंदी जुळत्या ठेवण्याचे ओझे आलेच.

हडूपच्या एचडीएफएसने हाच आराखडा जगभर नेला. तिथे खतावणीच्या जागी एफएसइमेज आणि कीर्दीच्या जागी एडिट्स या फाईली आल्या. एडिट्स फार लांबू नये म्हणून ‘सेकंडरी नेमनोड’ नावाचे दुसरे यंत्र अधूनमधून दोन्ही एकत्र करी. नावामुळे अनेकांना ते पर्यायी यंत्र वाटे, पण मुख्य यंत्र पडल्यास त्याची जागा घेण्याची क्षमता त्याच्यात नव्हती. पुढे हडूपच्या दुसऱ्या पिढीत एडिट्स किमान तीन यंत्रांवर लिहून त्यांतील बहुमताने होकार दिल्यावरच बदल पक्का मानण्याची सोय झाली.

इथवर पाहता प्रश्न सुटला असे वाटावे. पण कीर्द असो वा खतावणी, शेवटी ती एखाद्या यंत्रावरील साधी फाईलच असते, आणि ती फाईल सिस्टिमच्या वचनांवर विसंबून असते. छोटी मेटाडेटा फाईल सुरक्षितपणे बदलण्याची रूढ रीत छायापानाचीच आहे : नवा मजकूर तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायचा आणि मग तिला जुन्या फाईलचे नाव द्यायचे. नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. चालू यंत्रावर एकतर जुनी फाईल दिसते, नाहीतर नवी. २००९मध्ये ईएक्सटी-४चा वापर वाढू लागला तेव्हा अनेकांना क्रॅशनंतर आपल्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइटच्या झालेल्या आढळल्या. वेगासाठी ईएक्सटी-४ मजकूर उशिरा लिही; नव्या नावाची नोंद आधी पोहोचली आणि मजकूर मागे राहिला. तिचे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांचे म्हणणे होते की मजकूर डिस्कवर पोहोचवण्याची स्पष्ट आज्ञा, म्हणजे एफसिंक, प्रोग्रामने द्यायलाच हवी होती; तसे वचन फाईल सिस्टिमने कधी दिलेच नव्हते. तरीही नाव बदलताना मजकूर लगेच लिहिला जावा, अशी सोय पुढे कर्नलमध्ये करण्यात आली. काटेकोर रीत याहून लांब आहे : तात्पुरती फाईल लिहा, तिच्यावर एफसिंक करा, नाव बदला आणि मग त्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा. नाव हे डिरेक्टरीच्या मालकीचे असल्याने शेवटची पायरी गाळली, तर नावातील बदल टिकेलच याची हमी राहत नाही.

ही रीत किती प्रोग्राम पाळतात, याचा पद्धतशीर शोध विस्कॉन्सिन विद्यापीठात ॲन्ड्रिया आणि रेम्झी आर्पाची-ड्युसो यांच्या गटाने घेतला. तनुमालयन शंकरनारायण पिल्लै, विजय चिदंबरम आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ११ प्रसिद्ध प्रोग्राम तपासले. त्यांत एसक्यूलाइट, गिट, झूकीपर आणि एचडीएफएसही होते. क्रॅशच्या वेळी डिस्कवर उरू शकतील अशा अवस्था तयार करून त्यांनी प्रत्येक प्रोग्राम पुन्हा सुरू करून पाहिला, आणि ६० कच्चे दुवे सापडले.

प्रती अनेक असल्या की एका यंत्रावरील चूक झाकली जाईल, हा यावरचा स्वाभाविक युक्तिवाद. पण यंत्रे नेहमी एकेकटी पडत नाहीत. ३१ जुलै २०१२ रोजी भारताची उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही वीजजाळी एकाच दिवशी कोसळली होती. डेटा सेंटरला बॅटऱ्या आणि जनित्रे असतात, पण तीही सामाईकच. एकाच वेळी साऱ्या यंत्रांची वीज गेली तर साऱ्या प्रती एकाच नाजूक क्षणी सापडतात. रामनाथन अलगप्पन, ऐश्वर्या गणेशन आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये नेमकी हीच परिस्थिती ८ वितरित साठवण प्रणालींवर तपासली आणि २६ कच्चे दुवे दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की एकाच यंत्रावरील एकच बिघाडही काही प्रणालींत सर्व प्रतींपर्यंत पसरू शकतो, कारण बिघडलेली नोंद आणि अर्धवट राहिलेली नोंद यांत प्रणाली फरकच करत नाही.

२०१८मध्ये एफसिंकवरील विश्वासालाही तडा गेला. लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरले की न लिहिला गेलेला मजकूर लिहिला गेल्यासारखा मानला जाऊ शकतो, आणि पुन्हा दिलेली आज्ञा यशस्वी झाल्याचे उत्तर येऊ शकते, हे पोस्टग्रेसच्या विकसकांच्या ध्यानात आले. वीस वर्षे ते पुन्हा प्रयत्न करण्यावर विसंबून होते. २०१९पासून पोस्टग्रेस असे अपयश आले की सरळ स्वत:ला बंद करते आणि लॉगवरून पुन्हा उभे राहते. खोट्या होकारावर पुढे जाण्यापेक्षा थांबणे आणि कीर्द वाचणे अधिक सुरक्षित, हा त्यामागचा हिशेब.

विज्ञानात हा हिशेब अधिक कठोर होतो. बँकेचा व्यवहार ग्राहकाला विचारून पुन्हा जुळवता येईल. एका रात्री टिपलेली रेडिओ-स्पंदने किंवा एकदाच घडलेली टक्कर पुन्हा मागवता येत नाही. दिलासा एवढाच की या चुका शोधायला प्रचंड यंत्रणा लागत नाही. टेक्सास विद्यापीठातील जयश्री मोहन, विजय चिदंबरम आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये दाखवले की लिनक्स फाईल सिस्टिममधील बहुतेक ज्ञात क्रॅश-दोष रिकाम्या डिस्कवर तीन किंवा त्याहून कमी क्रियांत पुन्हा घडवता येतात. त्याच आधारावर त्यांनी १० नवे दोष शोधले. त्यांतील काही चार वर्षे कुणाच्या लक्षात आले नव्हते. म्हणजे साठवणीचा प्रोग्राम लिहिणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला आपल्या यंत्रावर हे करून पाहता येते : दर दोन ओळींच्या मध्ये वीज गेली असे समजायचे, डिस्कवर त्या क्षणी काय उरेल ते मांडायचे, आणि आपला प्रोग्राम त्यातून काय वाचतो ते पाहायचे.