‘विथ’ आणि नांगऱ्याचे व्याकरण

मराठीत आपण ‘राजा आणि प्रधान आले’ म्हणतो, पण ‘राजा प्रधानासह आला’. ‘सह’ लागला की प्रधान येऊनही क्रियापदाच्या हिशेबात धरला जात नाही. इंग्रजीतला ‘विथ’ही असाच शिकवतात. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये कितीही माणसे बसवा, कर्ता एकटा असेल तर क्रियापद एकवचनीच. शाळेत मी हे पाठ केले. यावर कधीकाळी वाद होता, हे विल्यम कॉबेट वाचताना कळले.

कॉबेट 1763 चा, सरे परगण्यातला. लहानपणी शेतावर राबला, मग सैन्यात गेला. तिथे बिशप लाउथचे व्याकरण त्याने हाताने उतरून काढले आणि पहाऱ्यावर उभा असताना घोकले. पुढे पत्रकार झाला. सैनिकांना फटके मारण्याविरुद्ध लिहिले म्हणून 1810 मध्ये दोन वर्षांसाठी न्यूगेटच्या तुरुंगात गेला. 1817 मध्ये पुन्हा अटकेची वेळ येईलसे दिसताच अमेरिका गाठली, आणि 1818 मध्ये तिथून मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात इंग्रजीचे व्याकरण छापले. कोणासाठी? सैनिक, खलाशी, उमेदवारी करणारी पोरे आणि नांगर धरणारे यांच्यासाठी.

‘विथ’बद्दल तो म्हणतो, अर्थ बघा. नाण्यांसह पिशवी चोरीला गेली, तर गेली ती पिशवी, एकवचन. पण उत्साह विवेकासह पुष्कळ काही करतो असे म्हणताना एकट्या उत्साहाने काहीच होत नसेल, तर काम दोघांचे आहे, अनेकवचन. आजचा परीक्षक यावर लाल रेघ मारील. मला कॉबेटचेच पटते.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हता. 1793 मध्ये मताधिकाराच्या सुधारणेसाठी शेफिल्डच्या लोकांनी केलेला अर्ज, भाषा अदबीची नाही म्हणून कॉमन्स सभेने घेतलाच नाही. भाषा हे दार बंद करायचे साधन होते. कॉबेटने ते उलटे फिरवले. 1823 च्या आवृत्तीत त्याने राज्यकर्त्यांसाठी सहा धडे जोडले आणि थेट राजाच्या भाषणातल्या चुका दाखवल्या. त्यात वेलिंग्टन आणि त्याचा भाऊ मार्क्विस वेलस्ली यांचे कागदही आहेत. आपल्याला ही नावे वेगळ्या कारणाने ठाऊक: 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू पडला तेव्हाचा गव्हर्नर जनरल हा वेलस्ली, आणि 1803 मध्ये जालन्याजवळ असईला मराठी फौजेशी लढला तो हाच वेलिंग्टन.

1832 च्या सुधारणा कायद्यानंतर, वयाच्या 69 व्या वर्षी, कॉबेट ओल्डहॅममधून निवडून त्याच कॉमन्स सभेत जाऊन बसला.