डॉ. फ्रोयलानो द मेलो : गोव्याच्या आरोग्यसेवेचा एक पाया

डॉ. इंदालेन्सियो फ्रोयलानो द मेलो (१८८७–१९५५) हे पोर्तुगीज अमदानीतील गोव्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, वैद्यकीय प्राध्यापक आणि आरोग्य प्रशासक. साष्टी तालुक्यातील बाणावली हे त्यांचे जन्मगाव. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. येथील पदवीला प्रत्यक्ष पोर्तुगालमध्ये समान दर्जा नव्हता. त्यामुळे अनेक गोमंतकीय वैद्यांप्रमाणे त्यांनीही पोर्तो येथे पुढील पदवी संपादन केली. गोव्यात परतल्यावर ते याच विद्यालयात प्राध्यापक आणि कालांतराने प्रमुख झाले.

परोपजीवी सूक्ष्मजीव हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अनेक नव्या प्रजातींचे वर्णन त्यांच्या नावावर आहे. मात्र प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान शासनाच्या कामात उतरले पाहिजे, हे त्यांच्या कारकिर्दीचे खरे सूत्र होते. हिवतापामागे डास आहेत हे सिद्ध झाल्यावर केवळ क्विनाइन वाटून भागणार नव्हते. साचलेले पाणी आणि वापरात नसलेल्या विहिरी यांचा बंदोबस्त आवश्यक होता. वारंवारच्या साथींनी ओस पडलेल्या जुने गोवे परिसरात आणि पणजीत त्यांनी हिवतापविरोधी मोहीम राबविली. १९३८ ते १९४५ या काळात ते पणजी नगरपालिकेचे अध्यक्ष होते, तेव्हा नगर प्रशासनाचे अधिकारही त्यांच्या हाती आले.

साष्टीतील माकाझान येथील कुष्ठरुग्णालयाची स्थापना हे त्यांचे दुसरे मोठे कार्य. क्षयरोग्यांच्या उपचारासाठीही त्यांनी पुढाकार घेतला. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. रुग्णाला समाजापासून वेगळे ठेवणे हेच जगभरचे धोरण होते. भीक मागत हिंडणाऱ्या रुग्णास निवारा, अन्न आणि शुश्रूषा मिळाली, हा त्याचा लाभ. घर आणि आप्तांपासून तो दुरावला, हे त्याचे मोल. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आणि १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आल्यावर विलगीकरणाची गरजच संपली. द मेलो यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा कालक्रम ध्यानी घ्यावा लागतो.

१९४५ मध्ये ते पोर्तुगालच्या संसदेवर गोव्याचे प्रतिनिधी म्हणून निवडून गेले. सालाझार यांच्या एकाधिकारशाहीत संसदेचे अधिकार मर्यादित होते. आयुष्यभर सरकारी सेवेत राहिलेल्या या अधिकाऱ्याने तेथे गोव्याला मिळणाऱ्या दुय्यम दर्जाविरुद्ध भूमिका मांडली. १९४९ मध्ये त्यांची मुदत संपली. त्यानंतर ते ब्राझीलला स्थायिक झाले आणि १९५५ मध्ये साव पावलो येथे त्यांचे निधन झाले.

ज्या विद्यालयात ते शिकले व शिकविले, त्याचेच रूपांतर गोवा मुक्तीनंतर १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाले. हिवतापाचा धडा मात्र गोव्याला पुन्हा गिरवावा लागला. १९८६ च्या सुमारास पणजीत या रोगाने नव्याने डोके वर काढले, तेव्हा बांधकामांवरील साठलेले पाणी, उघड्या टाक्या आणि विहिरी याच डासांच्या उत्पत्तीच्या जागा ठरल्या. औषध रुग्णालयात मिळते. रोग रोखण्याचे काम नगरपालिकेच्या आणि नागरिकांच्या अंगणातच करावे लागते, हे या कारकिर्दीचे सार आजही लागू पडते.