इंग्रजीतील आजी-आजोबा

आजोबांसाठी 'ग्रँडफादर' आणि आजीसाठी 'ग्रँडमदर' हे शब्द आज अस्सल इंग्रजी वाटत असले, तरी त्यांतील 'ग्रँड' फ्रेंचमधून आलेले आहे. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडचे राज्यकर्ते होण्यापूर्वी तेथे आजोबांना 'वृद्ध पिता' आणि आजीला 'वृद्ध माता' अशा अर्थाचे देशी शब्द होते. पणजोबांना तर चक्क 'तिसरा पिता' म्हणत. पिढ्या मोजण्याची ही रीत सोपी होती. पण ती टिकली नाही.

नॉर्मन काळानंतर 'ग्रँडसायर' व 'ग्रँडॅम' रूढ झाले. पुढे, १५ व्या शतकात, फ्रेंच 'ग्राँ' तसाच ठेवून त्याला इंग्रजी 'फादर', 'मदर' जोडण्यात आले. 'सायर' आणि 'डॅम' हे शब्द आता घोड्यांच्या वंशावळीत उरले आहेत.

याच काळात आजीसाठी 'बेलडॅम' असाही एक शब्द होता. त्याचा अर्थ आधी 'कोणतीही म्हातारी' आणि १६ व्या शतकाच्या अखेरीस 'कुरूप, कजाग म्हातारी' असा घसरला. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये तो चेटकिणींना उद्देशून येतो. आजोबांसाठीचा 'बेलसायर' मात्र असा बदनाम न होता केवळ विस्मृतीत गेला. वृद्ध स्त्रीच्या वाट्याला आलेली ही अवहेलना केवळ इंग्रजीपुरती आहे, असे म्हणण्याचे धाडस मराठी वाचक करणार नाही.

पूर्वजांच्या बाबतीतही हाच पक्षपात दिसतो. 'फोरफादर्स' हा शब्द इ. स. १३०० च्या सुमारास रूढ होता. 'फोरमदर' नंतरचा आणि आजही क्वचित वापरला जाणारा. 'अ‍ॅन्सेस्टर' हा लॅटिन मुळाचा शब्द, मूळ अर्थ 'आधी गेलेला', स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. तरीही 'अ‍ॅन्सेस्ट्रेस' हे वेगळे स्त्रीलिंगी रूप घडवले गेलेच.

आजोबांच्या मागील पिढ्यांसाठी 'ग्रेट' जोडण्याची प्रथा १६ व्या शतकातील आहे. पणजोबांना एक 'ग्रेट', खापरपणजोबांना दोन. 'ग्रँड-ग्रँडफादर' हा आपल्याकडे ऐकू येणारा प्रयोग मात्र प्रमाण इंग्रजीत नाही. वंशावळीचे भाषांतर करताना एक 'ग्रेट' गळाला, तर एक अख्खी पिढीच गळते. शिवाय वडिलांकडचे की आईकडचे, हे नुसत्या 'ग्रँडफादर'वरून कळत नाही. त्यासाठी 'पॅटर्नल' किंवा 'मॅटर्नल' असे विशेषण लावावे लागते. मराठी 'आजोबा'चीही तीच अडचण आहे. संस्कृतात 'पितामह' आणि 'मातामह', तर हिंदीत 'दादा' आणि 'नाना' असल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.