अध्ययन-अक्षम मुलांचा भावनिक व सामाजिक विकास : मुंबई व उपनगरे

सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक बुद्धिमत्ता, निर्दोष दृष्टी व श्रवणशक्ती आणि शिक्षणाची पुरेशी संधी असूनही ज्या मुलांना वाचन, लेखन किंवा गणित यांत वयाच्या मानाने सातत्याने व लक्षणीय अडचण येते, त्यांस अध्ययन-अक्षम मुले असे म्हणतात. वाचनातील अक्षमतेस डिस्लेक्सिया, लेखनातील अक्षमतेस डिसग्राफिया आणि गणितातील अक्षमतेस डिसकॅल्क्युलिया या संज्ञा रूढ आहेत. ही अवस्था मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित असून ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. मात्र योग्य अध्यापनाने तिच्यावर पुष्कळ अंशी मात करता येते. पूर्वी मतिमंदत्व या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बौद्धिक अक्षमतेहून ती सर्वस्वी भिन्न होय. अशा मुलांत आढळणारा न्यूनगंड, एकलकोंडेपणा, आक्रमकता, शाळेविषयीची भीती इ. लक्षणे अक्षमतेचा अटळ भाग नसतात. ती बव्हंशी घर व शाळा यांतील वागणुकीतून उद्भवतात आणि म्हणूनच ती टाळता येण्याजोगी असतात. मुंबईत या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी १९३७ पासून कशी बदलत गेली, हे पाहिल्यास मुलाचे मन आणि मुलाची परीक्षा यांपैकी कशाला केव्हा प्राधान्य मिळाले, हे स्पष्ट होते.

संकल्पनेचा उगम : जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली. तिचा रोख मेंदूस इजा झाल्यामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांकडे होता. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूडोल्फ बेर्लिन या नेत्रवैद्याने १८८७ मध्ये प्रचारात आणला. अशी अवस्था जन्मजातही असू शकते, हे इंग्लंडमधील डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या वैद्याने १८९६ मध्ये दाखवून दिले. त्याने वर्णिलेला चौदा वर्षांचा मुलगा हुशार होता, तथापि त्याला साधे शब्दही वाचता येत नसत. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत चलाख ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदविले आहे. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड (१९१७) आणि अमेरिकेतील मज्जाविकृतिज्ञ सॅम्युएल ऑर्टन (१९२५ पासून) यांनी हा अभ्यास पुढे नेला. वाचन, लेखन व गणित यांतील अडचणींना एकत्रितपणे लागू पडणारी ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये शिकागो येथील पालकांच्या परिषदेत मांडली. शैक्षणिक क्षेत्रात ती लवकरच सर्वमान्य झाली.

बालमार्गदर्शनाची परंपरा : मुलाच्या वर्तनातील बिघाडाचे मूळ त्याच्या परिस्थितीत शोधण्याची प्रथा याच सुमारास स्वतंत्रपणे विकसित होत होती. विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये शिकागो येथे बालगुन्हेगारांच्या अभ्यासासाठी संस्था काढली. पहिल्या महायुद्धानंतर आल्फ्रेड ॲड्लर यांनी व्हिएन्नात बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली; न्यूनगंडाची संकल्पना त्यांच्याच मानसशास्त्रातून प्रसृत झाली. लंडनमध्ये असे केंद्र १९२७ मध्ये निघाले.

भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईत सुरू झाले. आदल्याच वर्षी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाशी (नंतरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ते संलग्न होते. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व सामाजिक कार्यकर्ता एकत्रितपणे काम करतात. मुलाच्या चाचण्या घेण्याबरोबरच गृहभेट, माता-पित्यांशी व शिक्षकांशी बोलणे आणि क्रीडोपचार ही त्या पद्धतीची अंगे होत. अध्ययन-अक्षमता ही संज्ञा जन्मास येण्यापूर्वीच अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाच्या भावनिक गरजांचा विचार करण्याची चौकट मुंबईत अशा प्रकारे उपलब्ध झाली होती. परंतु ही पद्धत वेळखाऊ व मनुष्यबळावर अवलंबून असल्याने तिचा विस्तार शाळांच्या वाढीच्या मानाने फारच अल्प झाला.

विशेष शाळांचा काळ : पुढील तीन दशकांत भर पडली ती मुख्यत्वे सहज दिसून येणाऱ्या अक्षमतांसाठी काढलेल्या संस्थांची. चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्द येथे १९४१ मध्ये मतिमंद मुलांसाठी निवासी संस्था काढली. होरमसजी व जेरबाई वकील या दांपत्याने १९४४ मध्ये आपल्या कन्येच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली. पुढे शिवडी येथे स्थिरावलेली ही संस्था जय वकील शाळा या नावाने प्रसिद्ध आहे. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त असलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) अपंग मुलांना शक्यतो सर्वसामान्य शाळेतच शिक्षण देण्याचा विचार मांडला आणि १९७४ मध्ये केंद्र सरकारने तशी एकात्म शिक्षणाची योजना आखली. या सर्व व्यवस्थेत अध्ययन-अक्षम मूल मात्र कोठेच बसत नव्हते. विशेष शाळेत घालावे, तर त्याची बुद्धी मंद नव्हती आणि सामान्य वर्गात त्याचे दुखणे दिसत नव्हते.

मराठी वर्गातील स्वरूप : अभ्यासात मागे राहणाऱ्या मुलास मराठीत ‘ढ’ म्हणण्याची जुनी रीत आहे. ब्राह्मी लिपीपासून ढ या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न बदलणाऱ्या विद्यार्थ्यास ते नाव पडले, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. अध्ययन-अक्षम मुलाच्या बाबतीत हे विशेषण दुहेरी अन्यायकारक ठरते. कारण घ-ध, भ-म, ब-व, ट-ठ-ढ यांसारखी सारख्या वळणाची अक्षरे ओळखणे हीच त्याची मूळ अडचण असते. देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा नियमित असल्याने आरंभीचे वाचन त्या मानाने सुकर होते. तथापि व्यंजनाच्या आधी लिहिली जाणारी पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी, रकाराची अनेक रूपे आणि जोडाक्षरे येथे अशी मुले अडखळतात.

गणितात संख्यावाचनाची मराठी पद्धत आणखी एक अडसर निर्माण करते. ‘सदतीस’ या शब्दात सात आधी व तीस नंतर ऐकू येतात. साहजिकच ३७ ऐवजी ७३ लिहिले जाते. ‘एकोणीस’सारख्या शब्दात तर वजाबाकीच दडलेली असते. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पर्यायी रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. भाषेच्या परंपरेविषयी त्या वादात पुष्कळ बोलले गेले. ज्या मुलांना संख्या उलट्या ऐकू येतात, त्यांच्या अडचणीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

भावनिक परिणाम : या चुका रोज, सर्वांसमक्ष आणि वर्षानुवर्षे होत राहतात. तोंडी उत्तरे बिनचूक देणारे मूल वहीत ती लिहू शकत नाही, तेव्हा ते आळशी किंवा उद्धट आहे असा शिक्षकांचा व पालकांचा समज होतो. प्रकट वाचनाची पाळी आली, की पोटदुखीची तक्रार करणे, वर्गात विदूषकी चाळे करून हसे आपल्या हाती ठेवणे, मारामारी करणे किंवा अगदीच गप्प राहणे, अशा मार्गांनी मूल स्वतःचा बचाव करते. धाकट्या भावंडाशी होणारी तुलना त्यात भर घालते. सवंगडी खेळात घेईनासे झाले, म्हणजे सामाजिक कौशल्ये शिकण्याची संधीही जाते. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयातील अध्ययन-अक्षमता चिकित्सालयाने या मुलांच्या जीवनमानाचा, तसेच त्यांच्या मातांना वाटणाऱ्या चिंतेचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. अनेक मुलांचे निदान माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर, म्हणजे अपमानाची कित्येक वर्षे उलटल्यावर होते, हेही तेथील अभ्यासांतून दिसून आले.

शासकीय मान्यता : महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देण्यास मान्यता दिली. अशी औपचारिक मान्यता देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्राचा वापर, एका भाषेऐवजी कार्यानुभव आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित घेण्याची मुभा, असे या सवलतींचे स्वरूप होते. पुढे त्यांची व्याप्ती वाढत गेली. त्याच वर्षी पालक व तज्ज्ञ यांच्या पुढाकाराने मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. जुहू येथील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या विशेष शिक्षण विभागाने या क्षेत्रासाठी शिक्षक तयार करण्याचे कार्य केले. तारे जमीन पर (२००७) या हिंदी चित्रपटामुळे डिस्लेक्सिया हा शब्द सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला.

या सवलतींमुळे असंख्य मुलांचा शालान्त परीक्षेपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. मात्र त्यांचा एक अनपेक्षित परिणामही घडला. ज्या चिकित्सालयांत पूर्वी ‘मुलाला काय होते आहे’ हा प्रश्न विचारला जाई, तेथे पालक आता प्रामुख्याने प्रमाणपत्रासाठी येऊ लागले आणि तेही बहुधा नववी-दहावीच्या तोंडावर. प्रमाणपत्र मिळाले, तरी उपचारात्मक अध्यापन आणि समुपदेशन त्यामागून येतेच असे नाही.

उपनगरांतील स्थिती : मालाडचा समावेश १९५७ मध्ये बृहन्मुंबईत झाला. त्यानंतरच्या दशकांत मालवणीसारख्या पुनर्वसन वसाहती व रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या गृहसंकुलांमुळे तेथील लोकसंख्या झपाट्याने वाढली. मराठी, हिंदी व उर्दू माध्यमांच्या महापालिका शाळा आणि खाजगी इंग्रजी शाळा तेथे शेजारीशेजारी आढळतात. मान्यताप्राप्त निदानाची सोय मात्र दीर्घकाळ शीव, परळ (के. ई. एम.) व मुंबई सेंट्रल (नायर) येथील महापालिका रुग्णालयांत केंद्रित होती. मालाडहून शीवला जायचे, तर दादरला गाडी बदलावी लागते आणि तपासणीस एकाहून अधिक खेपा पडतात. रोजंदारीवरील आई-बापांच्या दृष्टीने प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. खाजगी तपासणी व उपचारात्मक अध्यापन यांचा खर्च त्यांना पेलत नाही. परिणामी एकाच उपनगरात एका मुलाची अडचण ओळखली जाते व दुसरे ‘ढ’च राहते.

माध्यमाचा प्रश्नही येथे तीव्र आहे. घरी मराठी, वस्तीत हिंदी व शाळेत इंग्रजी अशा स्थितीतील मूल वाचनात मागे पडल्यास ते अक्षमतेमुळे की भाषा अपरिचित असल्यामुळे, हे ठरविणे कठीण असते. भारतीय भाषांत प्रमाणित चाचण्यांची उणीव होती. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये मराठी, हिंदी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी चाचणीसंच प्रसिद्ध केल्याने ती काही अंशी भरून निघाली.

विकासाचे मार्ग : भावनिक व सामाजिक विकासासाठी वर्गातच करता येण्याजोगे उपाय अनुभवाने मान्य झाले आहेत. मुलास त्याच्या अडचणीचे नाव व स्वरूप समजेल अशा भाषेत सांगणे, ही पहिली पायरी होय. आपण मूर्ख नाही, हे कळल्याने मोठा भार उतरतो. पूर्वसूचनेशिवाय प्रकट वाचन करावयास न लावणे, एका वेळी एकाच प्रकारच्या चुका तपासणे आणि तोंडी उत्तरास लेखी उत्तराइतकेच मोल देणे, यांस खर्च येत नाही. वाळूत वा हवेत अक्षर गिरवणे, ते उच्चारणे व त्याच वेळी पाहणे ही अनेक इंद्रियांना एकत्र आणणारी पद्धती ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांच्या कार्यातून विकसित झाली. तीत पायऱ्या लहान असल्याने मुलास यशाचा अनुभव वारंवार मिळतो. चित्रकला, नाट्य, खेळ, हस्तव्यवसाय यांत मुलाचे जे सामर्थ्य असेल, त्यास अनुसरून वर्गातील जबाबदारी सोपविल्यास सवंगड्यांच्या नजरेतील त्याचे स्थान बदलते. पालकांच्या गटसभांतून दोषारोप कमी होतो व मातेवरील ताण हलका होतो.

कायदा व सद्यःस्थिती : अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या अधिनियमात अध्ययन-अक्षमतेचा समावेश नव्हता. बालकांच्या शिक्षणहक्काच्या अधिनियमाने (२००९) शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. त्याच अधिनियमाने आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात मागे ठेवणे बंद केले (२०१९ मध्ये ही तरतूद शिथिल झाली). त्यामुळे नापासाचा कलंक टळला, परंतु वाचता न येणारे मूल वरच्या वर्गात जात राहिल्याने अडचण झाकली जाण्याचा धोकाही निर्माण झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने (२०१६) विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस एकवीस अक्षमतांत स्थान दिले. त्याखालील २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वयाच्या आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली व चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी आवश्यक ठरविली.

आठ वर्षांपूर्वी निश्चित निदान करणे शास्त्रीय दृष्ट्या अवघड असले, तरी साहाय्यासाठी निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली-दुसरीतील शिक्षकास धोक्याची लक्षणे ओळखता येतात आणि त्या वयात केलेले साहाय्य सर्वाधिक फलदायी ठरते. मुंबईतील कार्याचा आरंभ १९३७ मध्ये घर, शाळा व मूल यांचा एकत्रित विचार करून झाला होता. परीक्षेतील सवलतींनी त्यास कायदेशीर बळ दिले, परंतु त्यांचा लाभ शालेय जीवनाच्या अखेरीस मिळतो. प्राथमिक शाळेतच समुपदेशक व विशेष शिक्षक उपलब्ध करून देणे आणि तपासणीची सोय मालाडसारख्या उपनगरांत मुलाच्या घराजवळ आणणे, ही या क्षेत्रातील प्रमुख गरज होय.