नागपुरातील जलमृत्यू व 'मर्ग' चौकशी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

1871 च्या कायद्याने मुंबई शहरात मृत्यूच्या चौकशीसाठी कॉरोनर होता. हे पद 1999 मध्ये रद्द झाले. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात मात्र जुम्मा तलावात, म्हणजे आजच्या गांधीसागरात, सापडलेल्या प्रेताची पहिली चौकशी पोलीस व पंचांकडेच राहिली. तिला येथे 'मर्ग' म्हणतात.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 ने पंचनाम्यात जखमा, अस्थिभंग व व्रण यांचे वर्णन मागितले. बुडालेल्याच्या अंगावर तर बहुधा जखमच नसते! संशय नसल्यास शवविच्छेदन टाळण्याची मुभाही पोलिसांना होती. विहिरीत सापडलेल्या सुनेचा 'पाय घसरला' एवढ्यावर प्रकरण मिटू शकत असे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या आत्महत्येत किंवा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन बंधनकारक झाले ते 1983 च्या दुरुस्तीने.

जिवंतपणी श्वासावाटे गेलेल्या पाण्यातील डायटम हे सूक्ष्म शैवाल अस्थिमज्जेपर्यंत पोहोचू शकते. ही चाचणी निर्णायक नसली, तरी तुलनेसाठी त्याच जलाशयाच्या पाण्याचा नमुना आवश्यक ठरतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्येही जखमांचीच यादी कायम असून पाण्याच्या नमुन्याचा उल्लेख नाही.