फुरसुंगीचा नायक आणि त्याचा वाचक

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा जुनी, वा. गो. आपटे यांचे 'आनंद' मासिक १९०६ सालचे. परंतु बालपण सरलेल्या आणि प्रौढ कादंबरीपर्यंत अजून न पोहोचलेल्या वाचकाला बरोबरीच्या नात्याने वागवणारा लेखक बराच उशिरा लाभला. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' काढले, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. तरी हा वाचक त्यांच्याशी कायमचा जोडला गेला तो फास्टर फेणेमुळे. बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, सायकलवर स्वार. फुरसुंगी हे पुण्याजवळचे खरेखुरे गाव. साहस तिथल्या पोराच्या वाट्याला येते, तर आपल्याही आळीत ते का घडू नये, असे वाचणाऱ्याला वाटावे, ही या कथांची खरी ताकद. उपदेश जवळजवळ नाहीच (साने गुरुजींवर वाढलेल्या पिढीला केवढी मोकळीक!). समीक्षेने मात्र 'बालसाहित्य' असा शिक्का मारून त्यांची फारशी दखल घेतली नाही. वाचक विसरले नाहीत. २०१७ च्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांची भूमिका केली आणि मोठा झालेला फेणे आपल्या लेखकासमोर उभा राहिला.