बिल्ल्याची पाठ

टोपीवरचा जुना लष्करी बिल्ला हाती आला की कोणीही आधी त्याचे चित्र पाहतो: मुकुट, बिगुल, वाघ, हत्ती आणि खाली पलटणीचे नाव. या विषयात नव्याने येणाऱ्याला माझे पहिले सांगणे हे की चित्र डोळे भरून पाहा आणि मग बिल्ला उलटा करा. पलटण कोणती ते पुढची बाजू सांगते. तो केव्हाचा, कसा घडवलेला, अस्सल की नकली, हे बहुधा पाठीवरून कळते.

ब्रिटिश सैन्यात 1881 साली पायदळाच्या पलटणींचे जुने क्रमांक जाऊन त्यांना परगण्यांची नावे मिळाली. टोपीवरच्या बिल्ल्यांची आज संग्राहक जमवतात ती मोठी मालिका त्यानंतरची. काळ ठरवायला पहिला आधार मुकुटाचा. 1901 नंतरच्या मुकुटाच्या कमानी गोलाकार वर चढतात. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबतात. मात्र राजे चार्ल्स यांनी 2022 मध्ये पुन्हा गोल कमानींचा मुकुट निवडला, त्यामुळे केवळ मुकुटावर विसंबून आता भागत नाही. धातू पाहावाच लागतो.

धातूची गोष्ट मला या अभ्यासातली सर्वांत रंजक वाटते. शिपायाचा बिल्ला बहुधा पिवळ्या आणि पांढऱ्या अशा दोन धातूंचा असे. पहिल्या महायुद्धात काटकसर आली आणि 1916 च्या सुमारास तेच बिल्ले नुसत्या पितळेत निघू लागले. दुसऱ्या महायुद्धात तर पितळही वाचवायचे होते, म्हणून प्लॅस्टिकचे बिल्ले आले, मागे वाकवायला दोन पात्या असलेले. अनेकजण त्यांना खेळण्यातले समजून बाजूला टाकतात. वास्तविक युद्धकाळाची टंचाई इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी वस्तू सहज सापडायची नाही. पुढे 1950 च्या दशकात चकचकीत ॲल्युमिनियम आले आणि शिपायाची रोज घासण्याची मेहनत संपली.

आता पाठ. अस्सल बिल्ला पोलादी ठशाखाली दाबून काढलेला असतो, म्हणून पुढचा उठाव मागे खोलगट उतरलेला दिसतो. नकली बिल्ला पुष्कळदा ओतीव असतो: पाठ सपाट, पृष्ठभाग रवाळ, बारीक छिद्रे पडलेली, धातू थंड होताना आक्रसतो म्हणून आकारही किंचित लहान. अडकवण्याची सोयही बघावी. आधी दोन कड्या असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोपीच्या चिरेत सरकवायची चपटी उभी पट्टी आली. खरी अडचण येते ती जुन्याच ठशांवरून नंतर काढलेल्या बिल्ल्यांची. तिथे पुस्तक पुरत नाही. किपलिंग आणि किंग यांचा ब्रिटिश बिल्ल्यांवरचा दोन खंडांचा ग्रंथ हाताशी असावाच, पण नजर तयार होते ती शेकडो अस्सल बिल्ले हाताळूनच.

एका बिल्ल्यापाशी थोडे थांबू या. ग्लॉस्टरशायर पलटणीचे शिपाई टोपीवर दोन बिल्ले लावत, एक पुढे आणि एक मागे. मागचा छोटासा, पानांच्या वेलीत बसलेला स्फिंक्स. मार्च 1801 मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या लढाईत, तेव्हा 28 क्रमांक असलेल्या या पलटणीवर फ्रेंचांनी पुढून आणि मागून एकाच वेळी हल्ला केला. मागची रांग जागच्या जागी वळली आणि पाठीला पाठ लावून लढली. तो मान त्या इवल्या बिल्ल्यात आहे. सुटा सापडला तर नवखा माणूस त्याला कोटाच्या गळ्यावरचे चिन्ह समजण्याची शक्यता असते.

आपल्याकडचे बिल्ले वाचायला क्रमांकांचा इतिहास लागतो. 1903 मध्ये तेव्हाचे सरसेनापती किचनर यांच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. तिसरीची एकशे तिसरी झाली. म्हणून खांद्यावरच्या पितळी पट्टीवर 103 असेल तर ती 1903 ते 1922 या काळातली. 1922 मध्ये मराठा पलटणी एकत्र होऊन पाचवी रेजिमेंट बनली, 1945 मध्ये तो पाचाचा आकडाही गेला. स्पेलिंगही बोलते: ‘मराठा’ शब्दात जादा एच आणि दोन टी दिसले तर नमुना इंग्रजी अमदानीचा. महार रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावात उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्या जागी कट्यार आली. हा फरक माहीत असणाऱ्याला दोन बिल्ले शेजारी ठेवताच एका समाजाच्या इतिहासाची दोन पाने उघडलेली दिसतात.

संग्रह करणाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळावे: जुना बिल्ला घासूपुसू नये. वर्षानुवर्षांच्या पॉलिशने झिजलेला सिंहाचा चेहरा ही त्या शिपायाच्या हाताची खूण आहे, आणि नंतर चढलेला काळपटपणा हा वयाचा पुरावा. दोन्ही एकदा गेले की परत येत नाहीत.

असे बिल्ले आपल्याकडच्या घरांतही असतील. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. साताऱ्याच्या अपशिंगेसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या पोरे सैन्यात गेली. अशा घरांतल्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली, एखादा बिल्ला अजून पडलेला असेल. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव आणि नंबर कोरलेला असतो. बिल्ल्यावर काहीच नसते. तो घरातून बाहेर पडला की कुणाचा होता हे कायमचे पुसले जाते. म्हणून वाचकांना विनंती: तो विकायचा असो वा जपायचा, आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा आणि शिपायाचे नाव, नंबर, पलटण, गाव एका चिठ्ठीवर लिहून ती बिल्ल्यासोबत ठेवा.